चरित्रकाराची वकिली : पॉन्शिअसच्या सिप्रियन-चरित्राविषयी

१

मराठीत ‘चरित्र’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. माणसाने प्रत्यक्ष केलेले आचरण हे त्याचे चरित्र होय. आणि त्या आचरणाची दुसऱ्याने लिहिलेली हकीकत हेही चरित्रच होय. एकाच शब्दात हे दोन्ही अर्थ सुखाने नांदत असल्यामुळे त्यांच्यातील अंतर सहसा जाणवत नाही. एखाद्या पुरुषाच्या आचरणाविषयी त्याच्या हयातीतच वाद माजलेला असतो आणि त्याचे चरित्र त्याच्याच निष्ठावंत अनुयायाने लिहिलेले असते, तेव्हा मात्र हे अंतर डोळ्यांत भरते. इ. स. २५८ मध्ये कार्थेज येथे ज्याचा शिरच्छेद झाला, त्या बिशप सिप्रियनचे लॅटिन चरित्र हे याचे एक बोलके उदाहरण आहे.

हे चरित्र सिप्रियनच्या मृत्यूनंतर अल्पावधीतच लिहिले गेले. ग्रंथात कर्त्याचे नाव नाही. परंतु चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमने आपल्या ग्रंथकार-सूचीत ते पॉन्शिअस नावाच्या डीकनकडे दिले आहे. हा पॉन्शिअस सिप्रियनच्या हद्दपारीत त्याचा सोबती होता आणि अखेरपर्यंत त्याच्याजवळ होता, असे जेरोम सांगतो. जर्मन पंडित आडोल्फ हारनाक याने १९१३ साली या ग्रंथावर स्वतंत्र प्रबंध लिहून त्याला ‘पहिले ख्रिस्ती चरित्र’ हा मान दिला. त्यापूर्वी ख्रिस्ती मंडळीत हुतात्म्यांच्या मरणाची वृत्ते लिहिली जात होती. मरणाच्या आधीचे जीवनही लिहिण्याजोगे आहे, ही जाणीव येथे प्रथम प्रकट झाली, असे हारनाकच्या मताचे तात्पर्य आहे. इतर अभ्यासकांनी ते मत सर्वस्वी मान्य केले नाही. त्यांच्या दृष्टीने हा ग्रंथ चरित्र नसून गौरवपर भाषण आहे.

या दोन मतांपैकी कोणते खरे, हा वाद तूर्त बाजूस ठेवता येईल. अधिक फलदायी प्रश्न निराळा आहे. पॉन्शिअस हा स्वतःला सिप्रियनचा वकील समजतो. प्रतिपक्षाचे नाव न घेता तो एका आरोपाला सतत उत्तर देत राहतो. तो आरोप कोणता, त्याला दिलेले उत्तर समर्पक आहे काय, आणि या वकिलीत अशिलाचा लाभ झाला की हानी, याचा विचार केल्याखेरीज या ग्रंथाचे मोल ठरविता येणार नाही.

२

हा विचार शक्य होतो, याचे कारण सिप्रियनच्या जीवनाची साधने एकट्या पॉन्शिअसच्या हाती राहिलेली नाहीत. तिसऱ्या शतकातील दुसऱ्या कोणत्याही पाश्चात्त्य बिशपविषयी इतकी विविध आणि समकालीन साधने उपलब्ध नाहीत. पहिले साधन म्हणजे त्याचा पत्रसंग्रह. या संग्रहात ८१ पत्रे असून त्यांतील बहुसंख्य पत्रे सिप्रियनने स्वतः लिहिलेली आहेत. काही त्याला आलेली आहेत, आणि काही इतरांची एकमेकांना लिहिलेली आहेत. दुसरे साधन म्हणजे त्याचे छोटे-मोठे प्रबंध. तिसरे साधन म्हणजे ‘आक्टा प्रोकॉन्सुलारिया’ या नावाने ओळखले जाणारे न्यायवृत्त. यात इ. स. २५७ ची पहिली चौकशी, २५८ ची अटक व दुसरी चौकशी आणि शेवटी शिरच्छेद, असे तीन भाग एकत्र केलेले आहेत. चौथे साधन पॉन्शिअसचे चरित्र. एकच जीवन पत्रलेखकाच्या, कारकुनाच्या आणि भक्ताच्या लेखणीतून आलेले असताना त्यांचा परस्परांशी ताळा घेणे हे समीक्षकाचे कर्तव्यच ठरते.

सिप्रियनचे पूर्वायुष्य थोडक्यात सांगण्यासारखे आहे. तिसऱ्या शतकाच्या आरंभी जन्मलेला हा पुरुष सधन होता आणि अलंकारशास्त्राचा अध्यापक म्हणून कार्थेजमध्ये नावाजलेला होता. इ. स. २४६ च्या सुमारास त्याने बाप्तिस्मा घेतला आणि आपल्या संपत्तीचा मोठा भाग गोरगरिबांना दिला. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच तो कार्थेजचा बिशप झाला. इतक्या नवख्या माणसाला हे पद मिळावे याला वयोवृद्ध प्रिस्बिटरांपैकी काहींचा विरोध होता. परंतु लोकांचा आग्रह प्रभावी ठरला. पॉन्शिअस या सर्वांतील बाप्तिस्म्यापूर्वीचा भाग जाणूनबुजून गाळतो. देवाच्या माणसाचे आयुष्य तो देवाच्या घरी जन्मला तेव्हापासूनच मोजावे, अशी त्याची भूमिका आहे. ही भूमिका श्रद्धेच्या दृष्टीने सुसंगत असली तरी चरित्राच्या दृष्टीने महागात पडते; कारण सिप्रियनच्या पुढील प्रत्येक कृतीत तो जुना अलंकारशास्त्रज्ञ, तो प्रतिष्ठित नागरिक आणि तो कायदा जाणणारा रोमन मनुष्य वावरताना दिसतो.

३

इ. स. २४९ च्या अखेरीस सम्राट डेशिअसने साम्राज्यातील सर्व रहिवाशांनी देवतांना बळी अर्पण करावा, अशी आज्ञा काढली. बळी दिल्याबद्दल अधिकाऱ्यांसमक्ष लेखी दाखला मिळत असे. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले पपायरसवर सापडले आहेत. पहिला १८९३ साली प्रसिद्ध झाला. या दाखल्यांची ठरावीक भाषा पाहिली म्हणजे ही आज्ञा किती पद्धतशीरपणे अमलात आणली गेली, याची कल्पना येते. २० जानेवारी २५० रोजी रोमचा बिशप फेबिअन मृत्यू पावला. त्याच सुमारास सिप्रियन कार्थेज सोडून अज्ञातवासात गेला आणि २५१ च्या ईस्टरनंतरच परतला. त्याची मालमत्ता सरकारने जाहीररीत्या जप्त केली.

एक बिशप आपल्या आसनावर मरतो आणि दुसरा निघून जातो, ही तुलना करण्याचे काम रोमच्या धर्मसेवकांनी केले. त्यांनी कार्थेजच्या धर्मसेवकांना जे पत्र लिहिले ते सिप्रियनच्या संग्रहातच आठव्या क्रमांकावर जपले गेले आहे. त्यात सिप्रियनवर उघड ठपका नाही. एक प्रतिष्ठित पुरुष काही कारणास्तव दूर गेला असल्याचे कळले, एवढाच उल्लेख आहे. पण त्याला लागूनच चांगला मेंढपाळ आणि लांडगा येताच पळणारा भाडोत्री गुराखी यांची शुभवर्तमानातील उपमा योजलेली आहे. वाचणाऱ्याला यापेक्षा अधिक सांगण्याची गरज नव्हती.

सिप्रियनने या पत्राला दिलेले उत्तर त्याच्या स्वभावावर लख्ख प्रकाश टाकते. त्याने प्रथम फेबिअनच्या गौरवास्पद मरणाबद्दल रोमच्या मंडळीचे अभिनंदन केले. मग त्याने ते दुसरे पत्र परत पाठविले आणि विचारले, की हे खरोखर तुमचेच पत्र आहे काय? अक्षर, आशय आणि कागदसुद्धा संशयास्पद वाटतो; कोणी त्यात फेरफार तर केला नाही ना, याची खात्री करून घ्यावी. आरोपाचा एक शब्दही न उच्चारता आरोपकर्त्याला आपले पत्र पुन्हा वाचावयास लावणे, हे एका मुरलेल्या वक्तृत्वशास्त्रज्ञाचे कसब होय. पुढे काही काळाने विसाव्या पत्रात त्याने सरळ खुलासा केला. लोकांचा जमाव वारंवार आपल्या नावाने ओरडत होता. आपण तेथे राहिलो असतो तर उसळलेला दंगा आणखी भडकला असता. यास्तव स्वतःच्या सुरक्षिततेपेक्षा बंधुजनांच्या शांततेचा विचार करून, प्रभूच्या आज्ञेस अनुसरून, आपण तात्पुरते दूर झालो, असे तो सांगतो. आणि हे केवळ शब्द नव्हेत हे दाखविण्यासाठी अज्ञातवासातून पाठविलेल्या आपल्या तेरा पत्रांच्या नकला तो पुरावा म्हणून जोडतो.

हा पुरावा खरोखर वजनदार आहे. अज्ञातवासातील पत्रांत सिप्रियन मंडळीचा कारभार बारकाईने पाहताना दिसतो. तुरुंगातील बंधूंना भेटावयास घोळक्याने जाऊ नये. प्रिस्बिटरांनी एकेका डीकनला बरोबर घेऊन पाळीपाळीने जावे, म्हणजे माणसे बदलत राहिल्याने पहारेकऱ्यांना संशय येणार नाही, असे तो सुचवितो. गरिबांसाठी आणि परगावच्या निराश्रितांसाठी त्याने आपल्या स्वतःच्या पैशातून रक्कम ठेवली होती. तुरुंगात जे मरण पावतील त्यांच्या मृत्यूच्या तारखा लिहून ठेवाव्यात, म्हणजे त्यांचे स्मरण त्या त्या दिवशी करता येईल, अशी त्याची सूचना आहे.

तथापि अज्ञातवासाची किंमत त्याला द्यावी लागलीच. ज्यांनी बळी दिला, ज्यांनी धूप जाळला आणि ज्यांनी पैसे चारून नुसताच दाखला मिळविला, अशा पतितांची संख्या मोठी होती. त्यांना परत मंडळीत घ्यावयाचे की नाही आणि कोणत्या अटींवर, हा प्रश्न उभा राहिला. तुरुंगात छळ सोसलेले साक्षी या पतितांना शिफारसपत्रे देऊ लागले. काही पत्रांत अमुक मनुष्यास त्याच्या माणसांसह सामावून घ्यावे, एवढेच मोघमपणे लिहिलेले असे. अशा एका पत्रावर वीस-तीस जण मंडळीत शिरू पाहतील, अशी तक्रार सिप्रियनने केली. त्याची तक्रार रास्त होती. परंतु ज्याने छळ सोसला त्याच्या शब्दापुढे जो दूर निघून गेला त्याचा शब्द कसा टिकावा? अधिकार कोणाचा, पदाचा की सोसलेल्या यातनांचा, हा या झगड्याचा गाभा होता. सिप्रियनच्या निवडीला विरोध केलेल्या पाच प्रिस्बिटरांनी ही संधी साधली. फेलिसिसिमसच्या नेतृत्वाखाली कार्थेजमध्ये फूट पडली. इ. स. २५१ च्या परिषदेने मध्यम मार्ग काढला : ज्यांनी केवळ दाखला घेतला होता त्यांना चौकशीअंती परत घ्यावे, आणि ज्यांनी प्रत्यक्ष बळी दिला होता त्यांनी प्रायश्चित्त करीत राहावे व मरणसमयी त्यांना सामावून घ्यावे. नवा छळ समोर दिसू लागताच पुढे ही अटही शिथिल करण्यात आली. मंडळीच्या ऐक्यावरील सिप्रियनचा प्रसिद्ध प्रबंध याच धकाधकीत जन्मला.

४

आता पॉन्शिअस या प्रसंगाकडे कसा पाहतो ते पाहावे. त्याच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच एक गाऱ्हाणे आहे. पूर्वीच्या लोकांनी साध्या गृहस्थांच्या, एवढेच नव्हे तर बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्या उमेदवारांच्या हौतात्म्याचीही तपशीलवार वृत्ते लिहून ठेवली. मग इतक्या थोर धर्मगुरूचे चरित्र अलिखित राहावे काय, असे तो विचारतो. येथे त्याच्या डोळ्यांसमोर कार्थेजमध्येच इ. स. २०३ मध्ये मरण पावलेल्या पर्पेच्युआ आणि तिच्या सोबत्यांचे वृत्त असावे, यात फारसा संशय नाही. ही वरवर निरुपद्रवी दिसणारी तुलना फार सूचक आहे. पर्पेच्युआ पळाली नव्हती. कार्थेजच्या मंडळीपुढे शौर्याचा जो मापदंड पूर्वीपासून होता त्यावर सिप्रियनला उतरवावयाचे, तर २५० सालचा हिशेब आधी चुकता करणे पॉन्शिअसला भाग होते.

तो हिशेब तो दोन प्रकारे चुकता करतो. पहिला प्रकार म्हणजे प्रश्नांची सरबत्ती. सिप्रियन त्या वेळीच मरण पावला असता तर कुमारिकांना शिस्त कोणी शिकविली असती, पतितांना पश्चात्ताप, पाखंड्यांना सत्य आणि फुटीरांना ऐक्य कोणी शिकविले असते, असे एकामागून एक प्रश्न तो टाकत जातो. चाणाक्ष वाचकाच्या लक्षात येते, की ही सिप्रियनच्या प्रबंधांची विषयवार यादीच आहे. लेखकाचे ग्रंथ हेच त्याच्या जगण्याचे समर्थन, असा हा युक्तिवाद आहे. दुसरा प्रकार म्हणजे दैवी योजना. सिप्रियन निघून गेला तो भीतीने नव्हे, तर देवाच्या आज्ञेने. त्याला भीती वाटली ती देवाची अवज्ञा होण्याची. त्याला राखून ठेवणे हे देवाचेच कार्य होते.

हा बचाव आकर्षक असला तरी त्यात एक दोष आहे. सिप्रियनने स्वतः जी कारणे दिली होती त्यांपैकी ‘प्रभूची आज्ञा’ एवढेच पॉन्शिअसने उचलले. जमाव, दंगा आणि बंधुजनांची शांतता ही कारणे जवळजवळ नाहीशी झाली. सिप्रियनच्या पत्रात निर्णय घेणारा मनुष्य दिसतो : परिस्थिती तोलणारा, लोकापवाद पत्करणारा, आणि नंतर आपल्या निर्णयाचा जाब देणारा. पॉन्शिअसच्या ग्रंथात निर्णय देव घेतो आणि सिप्रियन तो पाळतो. नायकाला दोषातून मुक्त करण्यासाठी चरित्रकाराने त्याची निर्णयशक्तीच काढून घेतली आहे. जेथे निवड नाही तेथे दोष नाही हे खरे. पण तेथे गुणही उरत नाही.

५

या वकिलीचे सर्वांत गंभीर फळ चरित्राच्या उत्तरार्धात दिसते. सम्राट व्हॅलेरिअनच्या कारकिर्दीत पुन्हा छळ सुरू झाला. ३० ऑगस्ट २५७ रोजी प्रांताधिपती अस्पेशिअस पॅटर्नस याने सिप्रियनची चौकशी केली. मंडळीतील प्रिस्बिटरांची नावे सांगण्यास सिप्रियनने नकार दिला. चहाड्या करणाऱ्यांना तुमच्याच कायद्याने मज्जाव केलेला आहे, असे त्याने सुनावले. त्याला कुरुबिस या किनाऱ्यावरील गावी हद्दपार करण्यात आले; आजच्या ट्युनिशियातील कोर्बा हेच ते गाव. पुढच्या वर्षी शिक्षा कडक झाल्या. बिशप, प्रिस्बिटर आणि डीकन यांना तात्काळ देहान्त द्यावा, असा हुकूम सुटला. ६ ऑगस्ट २५८ रोजी रोमचा बिशप सिक्स्टस मारला गेला. सिप्रियन तोपर्यंत कार्थेजजवळील आपल्या बागेत परत आलेला होता आणि अटकेची वाट पाहत होता.

पॉन्शिअस सांगतो, की या दिवसांत अनेक उच्चपदस्थ आणि कुलीन स्नेही सिप्रियनकडे आले. त्यांनी त्याला दूर निघून जाण्याचा आग्रह केला, लपण्यासाठी जागाही देऊ केल्या. परंतु त्याने त्या विनंतीला मान दिला नाही. देवाची तशी आज्ञा असती तर कदाचित त्याने ते केलेही असते, असे पॉन्शिअस पुस्ती जोडतो. २५० साली आज्ञा होती म्हणून तो गेला. २५८ साली आज्ञा नव्हती म्हणून तो गेला नाही. युक्तिवाद पूर्ण झाला, वर्तुळ मिटले.

परंतु सिप्रियनचे अखेरचे पत्र, संग्रहातील ८१ वे, निराळीच हकीकत सांगते. हे पत्र कार्थेजच्या प्रिस्बिटरांना, डीकनांना आणि सर्व लोकांना उद्देशून आहे. प्रांताधिपती त्या वेळी युटिका शहरी होता आणि सिप्रियनला तेथे नेण्यासाठी शिपाई पाठविले गेले होते. ती वार्ता कळताच जिवलग मित्रांच्या सल्ल्यावरून आपण बागेतून काही काळ दूर झालो, कारण त्यामागे न्याय्य हेतू होता, असे तो स्पष्ट लिहितो. तो हेतूही तो सांगतो. बिशपने ज्या शहरात मंडळीचे नेतृत्व केले त्याच शहरात, आपल्या लोकांच्या समक्ष, प्रभूची कबुली देणे उचित होय. युटिकेत आपल्याला शिक्षा झाली तर आपल्या मंडळीचा सन्मान उणावेल. यास्तव प्रांताधिपती कार्थेजला परत येईपर्यंत आपण लपून राहत आहोत.

पॉन्शिअसच्या बाजूने असे म्हणता येईल, की त्याने सांगितलेला नकार निराळ्या प्रसंगीचा असावा. कायमचे पळून जाण्याची सूचना सिप्रियनने नाकारली आणि तात्पुरते दूर होण्याची स्वीकारली, अशी संगती लावता येईल. ही संगती असंभाव्य नाही. पण ती मान्य केली तरी एक गोष्ट उरतेच : दुसऱ्या वेळचे लपणे चरित्रातून गळाले आहे. जे पत्र साऱ्या मंडळीला उद्देशून लिहिले गेले ते हद्दपारीत सोबत असलेल्या डीकनला ठाऊक नव्हते, असे मानणे कठीण आहे. त्याने ते गाळले; आणि का गाळले हेही उघड आहे. पहिल्या पलायनाचा डाग मोठ्या कष्टाने पुसून झाल्यावर दुसरा डाग कोणाला दाखवावासा वाटेल?

येथेच वकिलाने अशिलाचा सर्वोत्तम पुरावा हरवला. ८१ वे पत्र डाग नव्हे; तेच पहिल्या पलायनाचे खरे भाष्य आहे. २५० सालचे आणि २५८ सालचे लपणे शेजारी ठेवून पाहिले, की दोन्हींमागे एकच तत्त्व दिसते. बिशपचा जीव त्याच्या एकट्याच्या मालकीचा नाही. त्याच्या राहण्याने मंडळीवर संकट येणार असेल तर त्याने जावे. त्याचे मरण मंडळीच्या उपयोगी पडावयाचे असेल तर त्याने तिच्यात येऊन मरावे. प्राण वाचविणे आणि प्राण देणे या दोन्ही गोष्टी त्याच्या लेखी मंडळीच्या हिशेबातल्या होत्या. हे तत्त्व कोणाला पटो वा न पटो. त्यात सुसंगती आहे, आणि ती सुसंगती सिप्रियनच्या स्वतःच्या शब्दांत उपलब्ध आहे. पॉन्शिअसला ती दिसली नाही, कारण पलायन म्हणजे दोषच, हे प्रतिपक्षाचे गृहीतक त्याने मनोमन स्वीकारले होते. त्याला फक्त त्या दोषाला दैवी परवाना मिळवून द्यावयाचा होता.

६

एकदा हे सूत्र हाती आले म्हणजे चरित्रातील इतर मौनेही उलगडू लागतात. सिप्रियनच्या निवडीला काहींचा विरोध होता हे पॉन्शिअस मान्य करतो. परंतु त्या विरोधकांना सिप्रियनने क्षमा केली आणि पुढे त्यांना जवळच्या मित्रांत स्थान दिले, असे सांगून तो विषय आटोपतो. पत्रांतील पाच प्रिस्बिटरांची दीर्घ शत्रुता, फेलिसिसिमसचा बहिष्कार यांचा तेथे मागमूस नाही. फ्लोरेन्शिअस प्युपिआनस या छळ सोसलेल्या गृहस्थाला लिहिलेल्या ६६ व्या पत्रात सिप्रियनने जो उपरोध ओतला आहे, तो वाचल्यावर क्षमाशीलतेचे ते चित्र किती एकरंगी आहे हे कळते.

बाप्तिस्म्याच्या वादाबाबतचे मौन तर याहून मोठे आहे. पाखंड्यांनी दिलेला बाप्तिस्मा ग्राह्य धरावा की नाही, यावरून सिप्रियन आणि रोमचा बिशप स्टीफन यांच्यात तीव्र मतभेद झाला. १ सप्टेंबर २५६ रोजी भरलेल्या कार्थेजच्या परिषदेत ८७ बिशपांची मते नोंदविली गेली आणि ती सर्व सिप्रियनच्या बाजूची होती. हा त्याच्या सार्वजनिक जीवनातील एक सर्वोच्च प्रसंग. चरित्रात त्याविषयी अक्षर नाही. मात्र स्टीफननंतर आलेल्या सिक्स्टसचा उल्लेख करताना पॉन्शिअस त्याला सज्जन आणि शांतताप्रिय धर्मगुरू म्हणतो. विशेषणे सिक्स्टसला लावलेली आहेत. टोमणा स्टीफनला आहे, असे अनेक अभ्यासकांना वाटते आणि ते योग्यच दिसते. या मौनाचा परिणाम पुढे जाणवला. चौथ्या शतकात डोनाटिस्ट पंथाने पुन्हा बाप्तिस्मा देण्याच्या आपल्या प्रथेस सिप्रियनचा आधार घेतला आणि ऑगस्टीनला त्याच सिप्रियनच्या ऐक्यप्रेमाचा आधार घेऊन त्यांचा प्रतिवाद करावा लागला. दोन्ही पक्षांना लढण्यासाठी त्याची पत्रे आणि परिषदेची नोंद लागली; या वादापुरता चरित्राचा उपयोग कोणालाच नव्हता.

७

मरणाचे वर्णन न्यायवृत्तात आणि चरित्रात दोन्हीकडे आहे, आणि तुलनेला तेच सर्वांत अनुकूल स्थळ आहे. १३ सप्टेंबर २५८ रोजी सिप्रियनला अटक झाली. नवा प्रांताधिपती गॅलेरिअस मॅक्सिमस आजारी होता. त्याने चौकशी दुसऱ्या दिवसावर ढकलली. ती रात्र सिप्रियनने एका अधिकाऱ्याच्या घरी काढली आणि मंडळीचे लोक दाराबाहेर थांबून राहिले. १४ तारखेची चौकशी न्यायवृत्तात काही ओळींत संपते. तू थॅशिअस सिप्रियन काय, असे विचारले जाते. तो होकार देतो. बळी देण्याची आज्ञा सांगितली जाते. तो नकार देतो. विचार कर, असे अधिकारी म्हणतो. इतक्या न्याय्य गोष्टीत विचार करावयाचा नसतो, असे उत्तर मिळते. शिक्षा वाचली जाते आणि सिप्रियन देवाचे आभार मानतो. पुढे तपशील येतात : त्याने अंगावरचा झगा उतरविला, मारेकऱ्याला पंचवीस सुवर्णनाणी देण्यास सांगितले, बंधुजनांनी त्याच्यापुढे वस्त्रे अंथरली, त्याने स्वतः डोळे बांधले, पण हात बांधणे साधेना तेव्हा ज्युलिअन नावाच्या प्रिस्बिटरने आणि त्याच नावाच्या उपडीकनने ते बांधले. रात्री मेणबत्त्या आणि मशाली लावून देह नेण्यात आला. थोड्या दिवसांनी प्रांताधिपती गॅलेरिअस मॅक्सिमस मरण पावला, या वाक्याशी वृत्त थांबते. एकाही विशेषणाची मदत न घेता सूचित केलेला हा न्याय चरित्रातील कित्येक पानांच्या स्तुतीहून अधिक परिणाम करतो. न्यायवृत्तही निव्वळ सरकारी कागद नाही, त्यावरून ख्रिस्ती संपादकाचा हात फिरलेला आहे, हे या शेवटच्या वाक्यावरूनच कळते. पण तो हात संयमी आहे.

पॉन्शिअसचे वर्णन याच्या उलट अर्थांनी ओसंडते. कुरुबिसमधील पहिल्या रात्री सिप्रियनला एक स्वप्न पडले होते : एका धिप्पाड तरुणाने त्याला न्यायासनापुढे नेले, अधिकारी पाटीवर शिक्षा लिहू लागला, तरुणाने खुणेने तिचा अर्थ कळविला, आणि सिप्रियनने एका दिवसाची मुदत मागितली. ठीक एका वर्षाने तो मारला गेला. म्हणून स्वप्नातील दिवस म्हणजे वर्ष होय, असे चरित्रकार उकलून दाखवितो. शिक्षेच्या सरकारी भाषेतही त्याला भविष्यवाणी ऐकू येते. चौकशीची वाट पाहताना ज्या आसनावर सिप्रियन टेकला त्यावर योगायोगाने पांढरे वस्त्र होते. पॉन्शिअसच्या मते हा बिशपपदाचाच मान. वधस्थानाभोवतीच्या झाडांवर लोक चढले. त्याला जक्कय आठवतो. प्रत्येक वस्तू खूण बनते आणि कोणतीही वस्तू नुसती वस्तू राहत नाही.

तरीही याच भागात पॉन्शिअस आपल्या कक्षेबाहेर जातो आणि ग्रंथ उंचावतो. चालून आलेल्या सिप्रियनची वस्त्रे घामाने चिंब झाली होती. एके काळी ख्रिस्ती असलेल्या एका सैनिकाने आपली कोरडी वस्त्रे त्याला देऊ केली. मोबदल्यात ती ओली वस्त्रे आपल्याला मिळावीत, असा त्याचा हेतू होता. सिप्रियनने उत्तर दिले, की जे दुखणे कदाचित आजच संपणार आहे त्यावर इलाज कशाला? येथे कोणी देव आज्ञा देत नाही. थकलेला, घामेजलेला आणि किंचित थट्टा करणारा मनुष्य समोर उभा राहतो. मारेकऱ्याच्या थरथरत्या हाताचा तपशीलही असाच प्रत्यक्षदर्शी आहे. पॉन्शिअसने जेथे पाहिले तेथे तो उत्तम चरित्रकार आहे. जेथे त्याने समर्थन केले तेथे तो सामान्य वकील आहे.

ग्रंथाच्या शेवटी तो स्वतःविषयी बोलतो. धन्याच्या गौरवाचा आनंद मानावा की आपण मागे राहिलो याचे दुःख करावे, हे त्याला कळत नाही. ही केवळ अलंकारिक सांगता म्हणून सोडून देणे चूक ठरेल. कार्थेजच्या मंडळीतील हयात माणसे या ना त्या अर्थी वाचलेलीच होती : कोणी बळी देऊन वाचला होता, कोणी दाखला घेऊन, कोणी लपून, आणि कोणी केवळ पकडला गेला नाही म्हणून. वाचणे हा अपराध आहे काय, हा प्रश्न एकट्या सिप्रियनचा नव्हता. तो त्याच्या चरित्रकाराचा आणि वाचकांचाही होता. पॉन्शिअस ज्या आवेशाने आपल्या बिशपचा बचाव करतो, त्या आवेशाचे मूळ येथे असावे.

८

सिप्रियनची पत्रे खरी आणि चरित्र खोटे, असा सोपा निवाडा करण्याचे कारण नाही. पत्रेही एका कसलेल्या वक्त्याने लिहिलेली आहेत. रोमला कोणत्या तेरा पत्रांच्या नकला पाठवावयाच्या याची निवड त्यानेच केली होती. आत्मसमर्थन हीही वकिलीच. परंतु दोन वकिलींत फरक आहे. पत्रांतील युक्तिवाद उलट जबाब देऊ शकणाऱ्या जिवंत प्रतिपक्षासमोर केलेला आहे. म्हणून तो कारणांवर उभा राहतो. चरित्रातील युक्तिवाद आधीच पटलेल्या श्रोत्यांसमोर केलेला आहे. म्हणून तो चमत्कारावर विसंबतो. पहिल्या युक्तिवादात चुकीची शक्यता मान्य असते आणि म्हणूनच माणूस दिसतो. दुसऱ्यात ती शक्यता मिटविलेली असते.

हारनाकने पॉन्शिअसला पहिल्या ख्रिस्ती चरित्रकाराचा मान दिला. तो मान ठेवावयाचा असेल तर त्याबरोबर हेही सांगितले पाहिजे, की पहिल्याच ख्रिस्ती चरित्रात या वाङ्मयप्रकाराचा मोठा मोह प्रकट झाला आहे. नायकाला निर्दोष ठरविण्याच्या भरात चरित्रकार त्याच्या निर्णयाचे श्रेय दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकतो. इ. स. २५० साली सिप्रियन गेला. २५८ साली तो लपला आणि मग आपल्या शहरात येऊन मेला. या तिन्ही गोष्टी त्याने जाणून-समजून केल्या आणि पहिल्या दोन्हींचा लेखी जाब त्याने आपल्या लोकांना दिला. तिसऱ्या गोष्टीचा जाब त्याला द्यावा लागला नाही. कारण जिच्यासाठी तो आला होता ती मंडळी त्या दिवशी वधस्थानाभोवती उभी होती.